शिडाच्या बोटीवरचं गोडं पाणी : टाकीपासून नळापर्यंतची देखभाल

बोट नवी असो की जुनी, गोड्या पाण्याच्या तक्रारी दोनच : पाण्याला वास येतो, नाहीतर पंप रात्री कुणी नळ न उघडता आपोआप घुरघुरतो. वासाचं मूळ पाणी जिथून भरलं तिथे, टाकीत किंवा नळ्यांत सापडतं. पंपाचा दोष शोधायचा तर पाणी टाकीतून नळापर्यंत कोणत्या वाटेने येतं, हे पाठ असावं लागतं.

मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही बोट ठेवणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहिलं आहे. बोट २५ ते ४० फुटी, टाकी १०० ते ३०० लिटरची आणि पंप १२ व्होल्टचा, असं धरून चाललो आहे.

आधी जमवायचं सामान

- टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर आणि क्लोरीन तपासायचं ओटी किट. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी वापरतो तेच.
- बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट किंवा ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर
- १० मिलिलिटरची सिरिंज, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा
- पिण्याच्या पाण्यासाठीची स्वतःची १५ मीटर नळी, दोन्ही तोंडांना झाकणं
- २० लिटरचे पांढरे किंवा निळे कॅन (डिझेलचे कॅन वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या कप्प्यात)
- पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप
- ३१६ दर्जाच्या स्टेनलेस क्लिपा, जास्तीचे वायसर आणि ओ-रिंग
- पंपाच्या मॉडेलचा डायफ्राम-वॉल्व्ह संच, फ्यूज
- मल्टिमीटर, टॉर्च, लांब दांड्याचा मऊ ब्रश

## १. पाण्याची वाट कागदावर काढा

डेकवरच्या झाकणापासून सुरुवात करा. तिथून भरायची नळी, टाकी, हवेची नळी, टाकीचा वॉल्व्ह, गाळणी, पंप, असलाच तर दाबाचा छोटा डबा (आतल्या हवेने धार सारखी ठेवणारा), आणि मग फाटे फुटून नळ. प्रत्येक जोड आणि प्रत्येक वॉल्व्ह कागदावर मांडा, आणि पंपाच्या जागी एक ठळक रेघ मारा. रेघेच्या अलीकडे ओढीची बाजू, पलीकडे दाबाची बाजू. ओढीच्या बाजूला जोड सैल असेल तर हवा आत शिरते, पाणी बाहेर दिसत नाही. दाबाच्या बाजूला तोच दोष असेल तर पाणी बाहेर गळतं. पुढची निम्मी दुरुस्ती या रेघेवर सुटते.

त्याच वेळी टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा, हजाराने भागा. आले ते लिटर. विक्रेत्याने सांगितलेला आकडा आणि हा आकडा जुळेलच असं नाही, आणि क्लोरीनची मात्रा खऱ्या आकड्यावर ठरते.

टाक्या दोन असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र वॉल्व्ह हवा, आणि एका वेळी एकच उघडा ठेवायचा. दोन्ही उघडे असले आणि एक क्लिप सुटली, की सगळं पाणी बोटीच्या तळाशी जातं आणि बिल्ज पंप ते इमाने समुद्रात फेकून देतो. भरताना मात्र डाव्या-उजव्या टाक्या सारख्या भरा. १०० लिटर म्हणजे १०० किलो. ते एकाच बाजूला असेल तर बोट नांगरावरसुद्धा कललेली राहते.

## २. पाणी कुठून, कधी आणि कसं घ्यायचं

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, टीडीएस दोनशेच्या आत. त्यामुळे किटलीत आणि नळ्यांत क्षार साचण्याचा त्रास इकडे कमी. पण त्याच जांभ्यामुळे काही विहिरींच्या पाण्यात लोह येतं : घेताना पाणी स्वच्छ दिसतं, क्लोरीन घातल्यावर तांबूस होतं आणि तळाशी गाळ बसतो. असं पाणी किनाऱ्यावरच पिंपात क्लोरीन घालून रात्रभर निवळू द्या आणि वरचं तेवढं घ्या.

शिमगा झाला की किनाऱ्यालगतच्या विहिरी खाली जातात आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. डिसेंबरात गोड असलेली विहीर एप्रिलमध्ये मचूळ लागते. म्हणून प्रत्येक वेळी मीटर बुडवा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. बोटीसाठी पाचशेच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, कारण खारट पाणी स्टेनलेसच्या टाकीचे वेल्डिंगचे सांधे खातं.

एक सापळा : मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं नाही. मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेच्या, गुरं उतरतात अशा डबक्यातसुद्धा टीडीएस पन्नास दाखवेल. जंतूंसाठी क्लोरीनच.

धक्क्यावर पाणी घ्यायचे सहसा तीन मार्ग असतात : मच्छीमार बोटींना पाणी देणारा टँकर, धक्क्यावरचा नळ, किंवा कॅन भरून आणणं. टँकर असेल तर पाणी कोणत्या विहिरीचं ते विचारा आणि पहिली बादली बघूनच नळी जोडा. नळ असेल तर दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. उन्हात तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी टाकीत नको. गावातल्या विहिरीचं पाणी मालकाला विचारून घ्या. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात आणि विहिरीत हातभर पाणी असतं. तेव्हा ३०० लिटर मागणं बरं दिसत नाही. शहरातून कॅन आणा किंवा टँकरवाल्याला पैसे द्या.

भरती-ओहोटीचाही विचार करा. कॅन चढवायचे असतील तर भरती गाठा, बोटीची कड धक्क्याच्या जवळपास येते. धक्क्यावर २०० लिटरचं पिंप असेल तर उलट ओहोटी सोयीची : बोट खाली गेलेली असते, नळी टाकली की पाणी आपल्या वजनाने उतरतं.

भरताना हा क्रम ठेवा :

- डेकवरच्या झाकणाभोवतीची जागा गोड्या पाण्याने धुवा. तिथलं मीठ आणि पक्ष्यांची घाण थेट टाकीत जाते.
- झाकणावर पाणी लिहिलंय की डिझेल, ते मोठ्याने वाचा. हसू नका. पाण्याच्या टाकीत डिझेल गेलं तर टाकी साबणाने पुन्हा पुन्हा धुवावी लागते आणि नळ्या बहुतेक बदलाव्याच लागतात, रबर-प्लास्टिकमधून तो वास जात नाही. पाण्याच्या झाकणाला निळा रंग द्या आणि दोन झाकणांना वेगळ्या किल्ल्या ठेवा.
- नळीचं तोंड चार पदरी धुतलेल्या सुती कापडातून किंवा ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडा.
- नळी झाकणात घट्ट कोंबू नका. धक्क्याचा दाब जोरात असतो आणि हवेची नळी बारीक. हवा निघाली नाही तर टाकी फुगते आणि शिवणीत फाटते.
- भरून झाल्यावर टीडीएस आणि तारीख वहीत लिहा.

या शेवटच्या ओळीचा उपयोग नंतर कळतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १०० लिटर टाकीत एक लिटर समुद्र शिरला तरी आकडा सुमारे ३५० ने चढतो, चव कळायच्या आधी. उसळत्या समुद्रात बोट हाकल्यानंतर आकडा चढलेला दिसला, तर झाकणाची ओ-रिंग गेली आहे किंवा हवेच्या नळीतून पाणी येतंय. ती नळी बोटीच्या बाजूला उघडत असेल तर बोट कलल्यावर तोंड पाण्याखाली जातं. नळीला डेकखाली जमेल तितकी उंच कमान द्या.

## ३. टाकी उघडा आणि घासा

क्लोरीन ओतला की काम झालं, हा सगळ्यात महागडा गैरसमज. भिंतीवर बुळबुळीत थर असेल तर क्लोरीन वरवरचा थर मारतो आणि संपतो. आठवड्याने वास परत. म्हणून वर्षातून एकदा, ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरवण्याआधी, टाकीची खिडकी, म्हणजे आत हात घालायचं झाकण, उघडा.

शेवटचं पाणी स्पंज आणि हातपंपाने काढा. मऊ ब्रशने भिंती, कोपरे आणि आतल्या पडद्यांच्या मागच्या बाजू घासा. साबण लागलाच तर भांड्यांचा, थेंबभर, आणि नंतर तीनदा धुवा. तारेची घासणी कधीच नको : स्टेनलेसमध्ये लोखंडाचे कण रुततात आणि तिथे गंज धरतो, प्लास्टिकला चरे पडतात आणि त्यात पुन्हा थर बसतो. खिडकीचं गॅसकेट चपटं किंवा कडक झालं असेल तर आत्ताच बदला. टाकीला खिडकीच नसेल तर एक बसवून घ्या; भोक पाडताना निघालेला भुसा मात्र एकूण एक काढा, कारण तोच पुढे पंपाच्या वॉल्व्हमध्ये अडकतो.

हवेच्या नळीचं तोंड बघा. मिठाचे खडे, मातीचं घर करणारी गांधीलमाशी, कोळ्याचं जाळं यांतलं काहीतरी सापडतंच. नळी तुंबली की पंप पाणी ओढताना टाकीत पोकळी तयार होते : पंप दमतो, पाण्याची धार बारीक होते, पातळ प्लास्टिकची टाकी आत चेपते. तोंडावर स्टेनलेसची बारीक जाळी लावा.

## ४. क्लोरीन : मात्रा, वेळ, क्रम

टाकी आणि नळ्या निर्जंतुक करायला लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन आणि चार तास. १०० लिटरला हिशोब असा :

- ५ टक्के द्रव : १०० मिलिलिटर
- ४ टक्के द्रव : १२५ मिलिलिटर
- १० टक्के द्रव : ५० मिलिलिटर
- ताजी टीसीएल, साधारण ३३ टक्के : १५ ग्रॅम

टीसीएल थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं नितळ पाणी घ्या आणि चुन्याचा साका फेकून द्या. द्रवाच्या बाटलीवर उत्पादनाची तारीख बघा. उष्णतेने ताकद उतरते. कोकणातल्या दमट हवेत उघडी टीसीएल तर फारच लवकर मरते. पावडरला नाकात जाणारा वास उरला नसेल तर ती रांगोळीच्या लायकीची.

क्रम : फिल्टरची काडतुसं काढून ठेवा, कारण कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो. टाकी अर्धी भरा, क्लोरीन घाला, मग पूर्ण भरा म्हणजे नीट मिसळेल. एकेक नळ उघडा आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा; गरम पाण्याचा नळ, शॉवर आणि फूटपंप विसरू नका. १३ मिलिमीटरच्या नळीत मीटरला जेमतेम १३० मिलिलिटर पाणी मावतं, त्यामुळे हे पटकन होतं. चार तास थांबा, रिकामी करा, दोनदा स्वच्छ पाण्याने भरून काढा.

स्टेनलेसच्या टाकीत हे पाणी रात्रभर ठेवू नका, क्लोरीन धातूला टोचून खातो. ॲल्युमिनियमच्या टाकीत इतकी मात्रा नकोच. तिथे टाकी उत्पादकाच्या सूचनेनेच चला. काढलेलं पाणी कालवांच्या खडकांजवळ किंवा तिवरांत सोडू नका. किनाऱ्यावर उघड्या टबात दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातो.

आणि हे ठळक : क्लोरीनबरोबर व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही नाही. विषारी वायू निघतो, आणि केबिनमध्ये पळायला जागा नसते. क्षार काढायला लिंबूसत्व वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, मधे टाकी पूर्ण धुऊन.

रोजच्या भरण्यासाठी मात्रा अगदी लहान : नितळ पाण्याला लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे १०० लिटरला ५ टक्क्यांचं ४ मिलिलिटर. अर्ध्या तासाने ओटी तपासणी करा. उरलेला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको. पिवळा रंग आलाच नाही तर पाण्यातच काहीतरी क्लोरीन खातंय; पुन्हा तेवढीच मात्रा घालून तपासा. तपासणीच्या नळीतलं पाणी फेकून द्या, टाकीत परत नको.

## ५. पंप : आवाज ऐका आणि दोष ओळखा

१२ व्होल्टचा डायफ्राम पंप दाबावर चालतो. नळ उघडला की दाब पडतो, पंप सुरू. नळ बंद केला की दाब ठरलेल्या आकड्याला पोचतो, बऱ्याच पंपांत ४० पीएसआयच्या आसपास, आणि पंप थांबतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं आहे.

नळ बंद, तरी पंप मधूनच घुरघुरतो. दाबाच्या बाजूने कुठेतरी दाब उतरतोय. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू धरा, नळांच्या टोकांना बघा, शॉवरची मूठ बघा. कुठेच ओल नसेल तर पंपाच्या आतला वॉल्व्ह गळतोय आणि पाणी टाकीकडे परत जातंय. पंपाचं डोकं उघडा. बहुतेक वेळा प्लास्टिकचा भुसा किंवा वाळूचा कण निघतो.

पंप थांबतच नाही, नळाला हवा फुसफुसते. ओढीची बाजू. टाकी संपली का, वॉल्व्ह उघडा आहे का, गाळणी तुंबली का, या क्रमाने. गाळणीचं झाकण आणि ओ-रिंग हा हवा शिरण्याचा नेहमीचा रस्ता. हाताने घट्ट बसवा, पान्याने आवळलं तर तडकतं. बोट कलली असेल आणि टाकी पावपेक्षा कमी असेल तर पंपाचा दोष नाही, पाणी तोंडापासून दूर गेलंय.

पंप फिरत नाही किंवा कण्हतो. मल्टिमीटर घ्या. नळ उघडा ठेवून बॅटरीवर आणि पंपाच्या तारांवर व्होल्टेज मोजा. फरक ०.४ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर तार बारीक आहे किंवा जोड हिरवा पडलाय. खाऱ्या हवेत कलई केलेली तांब्याची तारच टिकते. फ्यूज पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच. मोठा घालून काम चालवलं तर अडकलेला पंप तार तापवतो.

पाणी ठेचकाळत येतं. दाबाच्या डब्यातली हवा गेली. पंप बंद करा, नळ उघडून दाब शून्य करा, मग सायकलच्या पंपाने हवा भरा : पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून दोन-तीन पीएसआय कमी. दाब न उतरवता मोजलं तर आकडा खोटा येतो.

बोट सोडून जाताना आणि शिडावर चालताना पंपाचं बटण बंद ठेवायची सवय लावा. एक नळी सुटली तर चालू पंप १०० लिटर पाणी पंधरा-वीस मिनिटांत तळाशी ओततो.

विजेच्या पंपाशिवाय एक पायाचा पंप असायलाच हवा. बॅटरी मेली तरी पाणी मिळतं, आणि पायाने दाबून घेतलेलं पाणी माणूस जपून वापरतो. त्याचं रबर कोरडं वाटलं तर फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल लावू नका, ते खवट होतं आणि रबरही बिघडवतं.

स्वयंपाकाच्या ओट्याला समुद्राच्या पाण्याचा वेगळा नळ असेल तर त्याची नळी गोड्या पाण्याच्या वाटेला कुठेही जोडलेली नको, मधे वॉल्व्ह असला तरी. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो बऱ्याचदा या नळीतूनच : आत अडकलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरतात. टाकी घासत बसण्याआधी हा नळ दोन मिनिटं सोडून बघा.

## ६. नळ्या, क्लिपा, फिल्टर

नळी पिण्याच्या पाण्यासाठीची, आत धाग्याची वीण असलेली. बागेची हिरवी नळी स्वस्त पडते पण गरम इंजिनाशेजारी पाण्याला प्लास्टिकची चव आणते. पारदर्शक नळीत उजेड पोचला तर शेवाळ धरतं. झाका किंवा बदला. क्लिपेच्या स्क्रूवर चुंबक चिकटला तर पट्टी स्टेनलेस पण स्क्रू साधा, असली क्लिप एका पावसाळ्यात गंजते.

कार्बन फिल्टर फक्त पिण्याच्या नळाच्या आधी बसवा. टाकीनंतर लगेच बसवला तर सगळ्या नळ्यांतून क्लोरीनविना पाणी फिरतं आणि बुळबुळ तिथे वाढते. काडतूस दर हंगामात नवं. आठवडाभर बोट बंद असेल तर पहिलं दोन लिटर पाणी सोडून द्या.

घरगुती आरओ बोटीवर लावू नका. एक लिटर द्यायला तो त्याहून जास्त पाणी फेकतो. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असेल तर खाडीत आणि बंदरात चालवू नका, तिथला गाळ आणि तेल त्यातला गाळणारा पडदा निकामी करतात. त्याला धुवायचं गोडं पाणी आधी कार्बनमधून जाऊ द्या, क्लोरीन त्या पडद्याला चालत नाही.

## ७. राखीव पाणी

माणशी दिवसाला पिणं-स्वयंपाक मिळून ४ लिटर, एप्रिल-मेच्या उन्हात ५. धुणी-भांडी काटकसरीने धरली तर एकूण १०. चौघांना तीन दिवस म्हणजे १२० लिटर. याशिवाय माणशी निदान १० लिटर कॅनमध्ये, टाकीशी काहीही संबंध नसलेलं. कॅन पाऊण भरा म्हणजे बोट सोडायची वेळ आली तर तो पाण्यावर तरंगेल. महिन्याने पाणी बदला.

## ८. पावसाळ्याआधी

परदेशी पुस्तकांत हिवाळ्यासाठी नळ्यांत अँटिफ्रीझ भरायला सांगतात. इकडे पाणी गोठत नाही, ते भाग सोडून द्या. आणि इंजिनाचं अँटिफ्रीझ तर विषारीच असतं. आपला शत्रू जून ते सप्टेंबरची दमट, कोंदट हवा.

मे अखेरीस बोट वर काढली की टाक्या पूर्ण रिकाम्या करा. सगळे नळ उघडा, पंप कोरडा चालेल इतपतच, म्हणजे पाऊण-एक मिनिट चालवा, नळीचा सगळ्यात खालचा जोड सोडून उरलेलं पाणी काढा. गाळणी, पंपाचं डोकं, गरम पाण्याची टाकी यांतलं पाणीही. काडतुसं फेका. टाकी स्पंजने पुसा, खिडकीवर गॅसकेट न लावता बारीक जाळी बांधा, आत हवा खेळू द्या. अर्धवट पाणी ठेवलं तर डेंगीच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं, आणि ती टाकी त्याला आयती मिळते.

डेकवरच्या झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून ते घट्ट बंद करा, वरून प्लास्टिक बांधा. पंपाची तार बॅटरीपासून सोडवा. उरलेला क्लोरीन बोटीवर ठेवू नका. बंद केबिनमध्ये त्याची वाफ तारांचे जोड आणि बिजागऱ्या खाते. ऑक्टोबरात ताजी बाटली घ्या आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.